धक्क्यावरचं मासळीचं दुकान, जिवंत क्लॅम आणि चौदा जणांची चावडर

आम्ही बॉस्टनच्या खाली साउथ शोअरला राहतो आणि २४ डिसेंबरची संध्याकाळ गेली सहा वर्षं आमच्याकडेच असते, चार मराठी कुटुंबं, मुलंबाळं धरून चौदा माणसं. बाहेर कडाक्याची थंडी असते, आल्या आल्या सगळ्यांना काहीतरी गरम हवं असतं, म्हणून मी पहिल्या वर्षापासून न्यू इंग्लंडची, म्हणजे आमच्या या भागातली, पांढरी क्लॅम चावडर करते. क्लॅम म्हणजे आपल्या तिसऱ्यांसारखे शिंपले आणि चावडर म्हणजे त्यांचं दूध, क्रीम नि बटाटा घातलेलं दाट सूप. सगळे छान छान म्हणून खायचे पण मला माहीत होतं की ती नुसती बटाट्याची खीर झालीय, समुद्राची चव कुठेच नाही. मी दर वर्षी क्रीम वाढवत गेले आणि दर वर्षी चव आणखीच मागे गेली. यंदा ते कोडं सुटलं आणि त्याचं श्रेय आमच्या इथल्या धक्क्यावरच्या या मासळीच्या दुकानाला आहे, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

आधी मी काय काय वापरून झालंय ते सांगते. पहिली दोन वर्षं डबाबंद क्लॅम. सोय उत्तम, डब्यातलं पाणीही वापरता येतं, घाईच्या दिवशी मी अजूनही घेईन, पण तुकडे इतके बारीक की तोंडात काही लागतच नाही. मग फ्रोजन चिरलेले घेतले, ते शिजल्यावर चिवट झाले. मग एका सुपरमार्केटमधून सोललेल्या क्लॅमचा डबा आणला, महाग होता, आणि पहिल्याच घासाला पाहुण्यांच्या दाताखाली वाळू. ती कचकच आठवली की मला अजून कसंतरी होतं.

यंदा सासूबाई मालवणहून आल्यात. त्या म्हणाल्या, "अगं, तिसऱ्या सोललेल्या कशाला आणतेस, जिवंत आण, त्यांचं पाणी कुठे जातं मग?" हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं याचं खरंच वाईट वाटलं, कारण आपल्याकडे विळीवर तिसऱ्या कापताना खाली ताट ठेवतात, पाणी वाया जाऊ नये म्हणून, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

तर २३ तारखेला सकाळी आम्ही दोघी या दुकानात. आत बर्फाच्या चार पेट्या, समुद्राचा स्वच्छ वास, मासळीची घाण अजिबात नाही. काउंटरवरच्या काकांना मी चौदा जणांसाठी चावडर म्हणून सांगितलं तर त्यांनी लगेच वजन नाही केलं, आधी विचारलं की क्लॅम घरी उघडणार का, भांडं केवढं आहे, डुकराचं मांस चालतं का. मग समजावलं की इथला कडक शिंपल्याचा क्लॅम म्हणजे कोहॉग, एकच जात, आकाराप्रमाणे नावं बदलतात. सगळ्यात लहान लिटलनेक, ते कच्चे किंवा वाफवून खायचे, मधले चेरीस्टोन आणि सगळ्यात मोठे चावडरचे. मोठे सगळ्यात स्वस्त असतात, चवही दणकट असते, पण मांस चिवट. त्यांनी अर्धे मोठे आणि अर्धे चेरीस्टोन घ्यायला लावले, मिळून १६ पाउंड, म्हणजे सात किलोच्या वर. महागाचे सगळे लिटलनेक सहज गळ्यात मारता आले असते, ते केलं नाही, हे मला फार आवडलं.

पोत्याला एक कार्ड बांधलेलं होतं, त्यावर कुठल्या पाण्यातून काढले आणि कुठल्या तारखेला ते लिहिलेलं. सासूबाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं. काका म्हणाले हे कार्ड दुकानाला ९० दिवस जपून ठेवावं लागतं, कोणाला त्रास झाला तर माल कुठून आला ते शोधता यावं म्हणून. शिंपल्यांच्या बाबतीत एवढी काळजी घ्यायलाच हवी, ते पाणी गाळून जगतात, पाणी खराब तर तेही खराब.

घरी आणल्यावर सासूबाई साध्या पाण्यात भिजवायला निघाल्या होत्या, पण दुकानात बजावून सांगितलं होतं की नळाच्या गोड्या पाण्यात ठेवू नका, मरतात, आणि पिशवीचं तोंडही बांधू नका. म्हणून ब्रशने घासून ओल्या फडक्याखाली फ्रीजमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पाच-सहा फुटलेले निघाले आणि दोन उघडे होते, टिचकी मारली तरी मिटेनात, ते टाकले. फोन केला तर काहीही न विचारता म्हणाले पुढच्या वेळी वजनात धरतो.

मोठ्या पातेल्यात जेमतेम लिटरभर पाणी उकळून क्लॅम दोन घाण्यांत वाफवले आणि जसजसे उघडले तसतसे चिमट्याने काढले. झाकण उघडलं तेव्हा घरभर जो वास सुटला तो थेट मालवणच्या जेटीवरचा, सासूबाई गॅसजवळून हलेनात. खाली दोन लिटरच्या आसपास राखाडी, गढूळसर पाणी जमलं. तेच खरं सोनं. मलमलच्या फडक्यातून गाळलं, तळाचा शेवटचा अर्धा कप वाळूसकट सोडून दिला. चाखून बघितलं तर इतकं खारट की शेवटपर्यंत वरून मीठ घालावं लागलं नाही.

आमच्याकडे दोघं जण पोर्क खात नाहीत म्हणून खारवलेल्या मांसाऐवजी लोणी घेतलं. कांदा, सेलरी, तमालपत्र, थोडं थाइम, चार चमचे मैदा, मग ते गाळलेलं पाणी आणि दीड किलो बटाटे. बटाटा मऊ झाल्यावर गॅस बंद करून मग कोमट दूध आणि क्रीम, आणि सगळ्यात शेवटी चिरलेले क्लॅम. क्रीम घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, फाटतं, आणि क्लॅम जास्त शिजले की रबर होतात. मग तासभर झाकून ठेवली, मुरल्यावर चव वेगळीच लागते. क्रीम मी गेल्या वर्षीच्या निम्मं घातलं आणि चावडर दुप्पट चांगली झाली.

सासूबाईंना त्यात दोन आमसुलं टाकायची फार इच्छा होती. मी हात जोडले! आंबट पडलं की दूध गेलं, आणि इथल्या लोकांना चावडरमध्ये टोमॅटोसुद्धा चालत नाही, १९३९ साली मेन राज्याच्या विधिमंडळात त्यावर बंदी घालायचं विधेयक आलं होतं. त्यांनी मग चार चेरीस्टोन बाजूला काढून एकशिपी, म्हणजे एका शिंपल्यासकट शिजवलेल्या तिसऱ्या, केली, ओलं खोबरं नि मालवणी मसाला घालून, आणि ती पाच मिनिटांत संपली. शाकाहारी मंडळींसाठी मक्याची चावडर वेगळ्या भांड्यात होती.

आता दुकानाचं जे पटलं नाही तेही लिहिते. त्यांची तयार चावडर मिळते, मी एक डबा चवीला घेतला होता, मैदा इतका की चमचा उभा राहतो, एवढे ताजे क्लॅम हाताशी असताना असं का करतात कळत नाही. पार्किंगला फक्त सहा गाड्यांची जागा आहे आणि २३ ला आम्ही पाऊण तास रांगेत होतो, सासूबाईंना बसायला काहीच नव्हतं. एखादा बाक ठेवाच हो, म्हातारी माणसं येतात.

छोटे षटकोनी ऑयस्टर क्रॅकर काउंटरच्या बाजूलाच मिळतात, ते घ्या, वरून टाकले की मुलं सूप मुकाट्याने संपवतात. क्लॅमची ऑर्डर आठवडाभर आधी फोनवर द्या आणि अर्धे मोठे, अर्धे चेरीस्टोन असं स्पष्ट सांगा. आमचं ३१ तारखेचं आठ पाउंडांचं सांगून झालंय, त्यातले निम्मे सासूबाईंच्या एकशिपीला.