लालबागच्या दोन खोल्यांत एअर पिस्तूल: अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या जुलैत मी सेकंडहँड एअर पिस्तूल घेतलं. परदेशी बनावटीचं, पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारं. त्याआधी दीड वर्ष क्लबच्या पिस्तुलावर हात बसवला होता. आता आठवड्यातून तीन दिवस रेंज आणि रोज रात्री मुलगा झोपल्यावर घरी वीस मिनिटं ड्राय, म्हणजे छर्रा न भरता नुसता नेमाचा आणि ट्रिगरचा सराव, असं चाललंय. ज्यांचं घर लहान आहे आणि घरात पोर आहे, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितेय.

या पिस्तुलाचं खरं सुख ट्रिगरमध्ये आहे. दहा मीटरच्या या प्रकारात ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं. तपासणीला नळी सरळ वर धरतात, ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि पिस्तूल हळूच उचलतात. वजन वर आलं आणि खटका पडला नाही, की पास. क्लबच्या पिस्तुलाचा ट्रिगर कधी सुटेल ते कळायचं नाही. याचा पहिला टप्पा मऊ जातो, मग बोटाला एक भिंत लागते, आणि त्या भिंतीवर थांबून मला माशीकडे, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीकडे, बघता येतं. लक्ष्याचा काळा गोल धूसर आणि माशी लख्ख, हे जमायला मला दिवाळी उजाडली. तोवर नजर सारखी गोलाकडे धावायची आणि छर्रे खाली डावीकडे जायचे.

मुलगा आठ वर्षांचा. त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आई, हवेची बंदूक म्हणजे खोटी ना गं?" त्याला जिरांदोनी नावाच्या रायफलची गोष्ट सांगितली. १७८०च्या सुमाराला ऑस्ट्रियाच्या सैन्यात हवेवर चालणारी रायफल होती. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी, आणि ती भरायला हातपंप हजारावर वेळा मारावा लागे. अमेरिकेत १८०३ साली लुईस आणि क्लार्क हे शोधक मोहिमेवर निघाले तेव्हा त्यांनीही तसली रायफल बरोबर घेतली होती. आपल्याकडे ४.५ मिमीपर्यंतची नळी आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर परवाना लागत नाही. माझा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास जाणारा, म्हणजे पाच-सहा ज्यूल. पण डोळा कायमचा जायला तेवढे पुरतात. मुलाला हे अगदी याच शब्दांत सांगितलं, आणि ते त्याच्या मनात बसलं.

आता ऑगस्टमधली ती संध्याकाळ. पाऊस कोसळत होता, टॅक्सी बाहेर उभी होती, आणि घाईत मी सेफ्टी फ्लॅग न घालताच पिस्तूल पेटीत ठेवलं. फ्लॅग म्हणजे नारिंगी रंगाची जाड प्लॅस्टिकची दोरी. मागून नळीत घालायची आणि पुढून टोक बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. रात्री ड्रायला बसण्याआधी सवयीने दोरी घातली, ती बोटभर गेली आणि अडली. पुन्हा घातली, पुन्हा तिथेच. नळीत छर्रा होता. भरलेलं पिस्तूल वरळीच्या रेंजपासून माझ्या मांडीवरून घरी आलं होतं. पलीकडच्या खोलीत मुलगा झोपलेला. सिलिंडर काढला, पण तो काढल्यावरही आत उरलेली हवा एखादा छर्रा फेकू शकते हे माहीत होतं. म्हणून ट्रिगरला हात न लावता पिस्तूल पेटीत ठेवून कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली. दुसऱ्या दिवशी रेंज ऑफिसरसमोर तो छर्रा निशाणाच्या दिशेने उडवला. ते ओरडले नाहीत. "आता रोज सांगायची गरज नाही," एवढंच म्हणाले. तेव्हापासून दोरीचं टोक डोळ्यांनी बघितल्याशिवाय पेटी बंद होत नाही. मी कधी लोड केलं, केलं की नाही, या आठवणीवर अजिबात विसंबू नका. दोरी विसरत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. विकणाऱ्याने दोन सिलिंडर दिले, दोन्ही "एकदम चालू" म्हणून. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि माझ्या पिस्तुलाच्या कंपनीने त्याला दहा वर्षांची मुदत दिली आहे. एकाची मुदत आधीच उलटली होती, ते मला पहिल्या स्पर्धेच्या तपासणीत कळलं. तिथे मुदत उलटलेला सिलिंडर चालत नाही, आणि २०० बारचा दाब चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असताना चालूही नये. नवा घेण्यात बोनसमधला बराच भाग गेला. सेकंडहँड घेणार असाल तर ग्रिप, रंग, ओरखडे नंतर बघा. आधी चष्मा लावून ती तारीख वाचा.

हवा भरताना सावकाश. भसकन भरली तर सिलिंडर तापतो आणि गार झाल्यावर दाब उतरतो. आट्यांना घरातलं मशीनचं तेल लावायचं नाही, दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. सिलिकॉनचं ग्रीसच लावा. मुंबईच्या दमट हवेने माझ्या ट्रिगरच्या स्क्रूवर पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ठिपके आणले. तेव्हापासून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या असतात, महिन्याला बदलते. छर्रे शिशाचे, म्हणून रेंजवरून निघताना साबणाने हात धुते आणि त्याआधी तोंडात काही घालत नाही, मग बाहेर वडापावची गाडी कितीही खुणावो.

लाकडी ग्रिप माझ्या हाताला मोठी होती. ती पॉलिश पेपरने घासून आणि पुट्टी भरून बसवायला दोन महिने गेले. अजून अंगठ्याखाली थोडी टोचते.

पिस्तूल पुन्हा घ्यायची वेळ आली तर हेच घेईन. पेटी गोदरेजच्या कपाटात, किल्ली माझ्याजवळ, छर्रे ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. जुन्या दोनपैकी उरलेल्या सिलिंडरची मुदत मार्च २०२९ला संपते. ती तारीख कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे.