मरीन प्लाय म्हणून साधा प्लाय गळ्यात मारला, टाकी बनवणाऱ्यांनी नक्की वाचा

प्लायची फिश टँक घरी बनवायचा विचार करत असाल तर थांबा, आधी माझं काय झालं ते वाचा.

चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच अशी टाकी करायची होती, तीन बाजू आणि तळ प्लायचा, फक्त समोर काच. एवढ्या मापात साधारण ४५० लिटर पाणी बसतं म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ४५० किलो, म्हणून मी विक्रेत्याला दोनदा सांगितलं की मला मरीन प्लायच पाहिजे, म्हणजे पाण्यात टिकणारा, आत पाणी राहणारे कायम. त्याने शीटवरचा शिक्का दाखवला, कडा लाल रंगवलेल्या होत्या, म्हणाला डोळे झाकून घ्या. मी घेतला. बिलावर त्याने फक्त "प्लाय १८ एमएम" एवढंच लिहिलं आणि ते मी बघितलंच नाही!!

कापताना एक-दोन ठिकाणी कडेतून भोकात भरलेली लांबी (पुट्टी) भुगा होऊन पडली, आत बोट जाईल एवढी पोकळी. तेव्हाच थांबायला हवं होतं पण वाटलं इपॉक्सी (पाणी आत न शिरू देणारा लेप) लावणारच आहोत, झाकलं जाईल. तीन कोट दिले, काच आतून सिलिकॉनने बसवली म्हणजे पाण्याचा दाब तिला चौकटीवरच दाबतो, आठवडाभर पाणी भरून ठेवलं, थेंब गळला नाही. मग मासे सोडले.

दीड महिन्याने मागची बाजू खालून फुगलेली दिसली, दाब सगळ्यात जास्त तळाशीच असतो. पोकळीवरचा पापुद्रा आत दबला, त्यावरच्या इपॉक्सीला केसाएवढी चीर गेली आणि पाणी लाकडात शिरलं, मग दोन दिवसात सगळे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. रात्री बादल्यांमध्ये मासे काढले, चार वाचले नाहीत. त्याचं अजून वाईट वाटतं कारण त्यांचा काय दोष.

विक्रेता म्हणाला तुमचं कोटिंग चुकलं. कोटिंगला चीर गेली हे खरंय, पण मरीन प्लाय असता तर आत एवढ्या पोकळ्या नसत्या आणि थर असे सुटले नसते. मी उरलेला तुकडा पातेल्यात उकळत ठेवला, तासाभरात थर वेगळे. मरीन प्लायला फिनॉलिक गोंद असतो, तो उकळत्या पाण्यात टिकतो, साध्याला बहुतेक युरियाचा असतो, तो सुटतो. फिनॉलिक गोंदाची रेघ गडद तपकिरी दिसते, पण नुसत्या रंगावर जाऊ नका, गोंदात रंग मिसळूनही विकतात. हे सगळं त्याला सांगितलं तर म्हणे बिलात मरीन कुठे लिहिलंय दाखवा. तिथे मी गप्प झालो, काय दाखवणार.

म्हणून सांगतो, पैसे द्यायच्या आधी शीटची एक पट्टी समोर कापून घ्या, रंगवलेल्या कडेवर बिलकुल विश्वास ठेवू नका, आणि ती पट्टी घरी नेऊन दिवसभर उकळा. विक्रेता कापू देत नसेल तर सरळ दुसरीकडे जा. बिलावर ग्रेड पूर्ण लिहून घ्या. सिलिकॉनचंही तसंच, बुरशीरोधक लिहिलेलं नको, त्यातलं औषध माशांना घातक असतं.

वाचलेले मासे सध्या प्लास्टिकच्या टबात आहेत, फिल्टर चालू आहे. नवीन प्लायची पट्टी काल सकाळपासून उकळली, अजून एकही थर सुटलेला नाही.