जुना जॅझ बेस घेताना: न उघडलेला की हात फिरवलेला?

फेंडरच्या जॅझ बेसची, म्हणजे इलेक्ट्रिक बेस गिटारची, कंट्रोल प्लेट (बटणं बसवलेली पट्टी) स्क्रू काढून उलटी केली की पॉटच्या, म्हणजे बटणाखालच्या व्हॉल्यूम-टोनच्या भागाच्या, पाठीवर असा ठसा दिसतो: १३७७६२३. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७६ म्हणजे १९७६ साल आणि २३ म्हणजे त्या वर्षातला तेविसावा आठवडा. जुना फेंडर घ्यायला निघालेल्या माणसाला हा आकडा वाचता आलाच पाहिजे. मात्र त्या आठवड्यात पॉट बनला, बेस नव्हे. १९६६ मध्ये फेंडरने पॉटचा एवढा साठा भरून ठेवला होता की पुढची दोन-तीन वर्षं तेच पॉट बसवले जात होते. म्हणजे पॉट मूळचा असेल तर ठशापेक्षा बेस नवा असू शकतो, जुना असू शकत नाही. आकड्याच्या शेजारचा सोल्डरचा डागही बघा. पन्नास वर्षांचा डाग मंद, राखाडी दिसतो. तो आरशासारखा चकाकत असेल आणि विकणारा 'एकदम ओरिजिनल' म्हणत असेल, तर शांतपणे पुढचे प्रश्न विचारायला घ्या. मला एकाने असंच सांगितलं होतं. आत तिन्ही पॉट नवे निघाले.

सत्तरच्या दशकातला जॅझ बेस घ्यायचा म्हणून पैसे साठवले की शेवटी समोर दोन वाद्यं उभी राहतात. एकाला कारखान्यानंतर कोणी हात लावलेला नाही. दुसऱ्यात प्रीॲम्प (बॅटरीवर चालणारं, आवाज उचलणारं सर्किट) आहे, जाड ब्रिज (तारांचा बॉडीवरचा टेकू) आहे, कदाचित पिकअपही (तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग) बदललेले आहेत आणि किंमत बरीच कमी आहे. विकणाऱ्यांच्या जगात दुसऱ्याला जरा नाक मुरडूनच 'प्लेअर्स ग्रेड' म्हणतात, म्हणजे वाजवायला ठीक, संग्रहाला नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: वाजवणाऱ्याने दुसरा घ्यावा. पण एका अटीवर, आणि ती अट आतल्या वायरिंगची नाही, लाकडाची आहे.

आधी आवाज. मूळ जॅझ बेसचं पोट अगदी साधं. दोन सिंगल कॉइल पिकअप, २५० किलोओहमचे तीन पॉट, टोनसाठी एक कपॅसिटर, संपलं. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की दोन पिकअप एकमेकांची घरघर मारतात, कारण त्यांचे वेढे आणि चुंबक उलटसुलट असतात. एक व्हॉल्यूम जरा खाली आणला की घरघर परत हजर. स्टुडिओत हे चालून जातं. मंडपात, जिथे लायटिंगवाला आणि साउंडवाला एकाच बोर्डावरून वीज घेतात आणि अर्थिंग म्हणजे जमिनीत खोचलेली एक सळई असते, तिथे ५० हर्ट्झचा तो गुंजारव तुमच्याआधी प्रेक्षकांपर्यंत पोचतो. शिवाय पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवायच्या, पिकअपला लांब केबल मानवत नाही. केबल जितकी लांब तितकी तिची कपॅसिटन्स जास्त आणि वरचा चकचकीतपणा तितका कमी. पण बोटांनी हळू वाजवलं, टोन अर्धा फिरवला, की त्याच साध्या सर्किटमधून जो लाकडी, थोडा गुरगुरणारा आवाज निघतो तो प्रीॲम्पवाल्याला सहज जमत नाही. सत्तरीत ब्रिजकडचा पिकअप जेमतेम एक सेंटिमीटर मागे सरकवला गेला. तेवढ्याने आवाजाला जी धार आली, ती साठीच्या बेसमध्ये नाही.

आता दुसरी बाजू. बेसवादक मार्कस मिलरने आपला १९७७ चा जॅझ बेस न्यूयॉर्कच्या रॉजर सॅडोव्स्की या कारागिराकडे दिला. त्यात स्टार्स कंपनीचा प्रीॲम्प बसला, वर बॅडॲस नावाचा जाड ब्रिज चढला, आणि तो थापेचा, काचेसारखा स्वच्छ स्लॅप आवाज जगाच्या कानात बसला. पुढे फेंडरने त्याच्या नावाचा बेस काढला तेव्हा हे बदल कारखान्यातूनच करून दिले. गंमत बघा, ज्या फेरफाराने वाद्याची किंमत पडते, तोच फेरफार नव्या वाद्याच्या कॅटलॉगमध्ये आकर्षण म्हणून छापला जातो. रश बँडच्या गेडी लीच्या काळ्या १९७२ च्या जॅझ बेसचंही तेच. बेस गहाणवटीच्या दुकानातून घेतलेला, त्यावर बॅडॲस ब्रिज, आणि नंतर त्याचीही कारखान्यातली आवृत्ती.

हे वेड तसं जुनं आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या अलेम्बिक कंपनीने ग्रेटफुल डेड बँडच्या फिल लेशचा गिल्ड स्टारफायर बेस उघडून त्यात स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स भरलं. १९७६ चा म्युझिक मॅन स्टिंगरे तर दुकानातूनच प्रीॲम्प घेऊन आला, आणि त्यामागे स्वतः लिओ फेंडर, फेंडर कंपनीचा संस्थापक, होता. म्हणजे ज्याने पॅसिव्ह बेस बनवला, तोही बॅटरीकडे वळलाच.

बॅटरी म्हटल्यावर माझी एक फजिती. गणपतीतला कार्यक्रम, दुसरं गाणं. आवाज आधी कडेने फाटायला लागला, मग बारीक झाला, मग गेला. आदल्या रात्री केबल जॅकमध्येच राहिली होती. बहुतेक ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवाल्या, बेसमध्ये केबल खोचली की बॅटरी चालू होते, आणि रात्रभर चालूच राहते. माझ्या प्रीॲम्पला बायपासचा स्विच नव्हता, त्यामुळे पॅसिव्हवर उडी मारायची सोयही नव्हती. तेव्हापासून बदललेला बेस हातात आला की मी पहिल्यांदा स्विच शोधतो आणि दुसऱ्यांदा बॅटरीची जागा.

अट लाकडाची म्हणालो ती इथेच येते. जॅझ बेसच्या बॉडीतली पॉटची पोकळी अरुंद आहे. प्रीॲम्प बसतो, पण ९ व्होल्टची बॅटरी कुठे ठेवायची? कसलेला कारागीर ती मूळ पोकळीत किंवा पिकगार्डखाली (बॉडीवरच्या पातळ पत्र्याखाली) कशीबशी कोंबतो. घाईतला माणूस मागून राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) मारून चौकोनी खड्डा पाडतो. कारागिराने हात लावलेल्या बेसचे पॉट उद्या परत बसवता येतात. घाईत पाडलेला खड्डा कोणीही भरला तरी तो दिसतोच.

हाच निकष पुढे लावत जा. बॅडॲस टू ब्रिज फेंडरच्या मूळ पाच स्क्रूंच्या भोकांवरच बसतो, त्यामुळे तो निरुपद्रवी. फक्त त्याच्या सॅडलला, म्हणजे तार टेकते त्या तुकड्याला, खाचा नसत, त्या कानशीने पाडाव्या लागत. वाकड्या पाडल्या असतील तर तारांमधलं अंतर एकसारखं राहत नाही, ते मोजून घ्या. बॉडीतून तार ओवण्यासाठी पाडलेली भोकं मात्र कायमची. ई तारेच्या खुंटीजागी बसवलेला हिपशॉट कंपनीचा डी-ट्यूनर मला मनापासून आवडतो. एक खटका दाबला की तार खालच्या डी सुरावर. पण काढल्यावर खाली स्क्रूची नवी भोकं दिसत नाहीत ना, ते पाहा. ईएमजी कंपनीचे बॅटरीवाले पिकअप असतील तर पॉटही बदललेले असणारच, कारण त्यांना २५ किलोओहमचे लागतात. जुने २५० चे चालत नाहीत. जुने पॉट आणि पिकअप पिशवीत सोबत मिळत असतील तर सौदा चांगला. पिशवी 'शोधून देतो' म्हणाले, तर ती नाही असं धरून भाव करा. मधोमध हंबकरसाठी (घरघर मारणाऱ्या दोन वेढ्यांच्या पिकअपसाठी) कोरलेली बॉडी कितीही छान वाजली तरी ती संग्राहकाकडे जाणार नाही. रंग बदललेल्याचा भाव ढोबळमानाने निम्म्यावर येतो, हा या धंद्यातला जुना ठोकताळा.

नेकबद्दल, म्हणजे दांड्याबद्दल, वेगळं बोलायला हवं, कारण आपला पावसाळा. जूनमध्ये नेक हलतो, ऑक्टोबरमध्ये परत हलतो. जुन्या फेंडरमध्ये ट्रस रॉडचा, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा, नट बॉडीकडच्या टोकाला असतो. नेक सैल करा, अर्धा आटा फिरवा, परत कसा, चुकलं तर पुन्हा. सत्तरच्या मध्यानंतर जॅझ बेसला तीन स्क्रूंचा नेक आणि डोक्याकडे बंदुकीच्या गोळीसारखा नट आला. जगभर लोक त्या तीन स्क्रूंना नावं ठेवतात. मी मुंबईच्या हवेत दर दोन महिन्यांनी ॲलन की चालवतो, मला तो नट वरदान वाटतो. नेक खाचेत डावी-उजवी डुलत नाही एवढं हाताने हलवून पाहा. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बदललेले असतील तर घाबरू नका, वाजलेल्या वाद्याचे फ्रेट झिजतातच. फ्रेट काढून फ्रेटलेस केलेला मात्र वेगळं वाद्य समजा. बेसवादक जॅको पास्टोरियसने १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून, खाचा बुजवून बोटींना (नावांना) लावायचा इपॉक्सी फासला. तो बेस अनमोल आहे तो त्याच्या हातामुळे. तसाच इपॉक्सी फासलेला अनोळखी माणसाचा बेस नाही.

वजनही विसरू नका. सत्तरीतले ॲश लाकडाचे बेस साडेचार-पाच किलोंपर्यंत जातात आणि न उघडलेल्यात तुम्ही ते कमी करू शकत नाही. बदललेल्यात हलक्या खुंट्या बसवल्या असतील तर निदान बेसचा नेक खाली झुकत नाही. तीन तासांच्या लग्नाच्या ऑर्डरीत खांद्याला फरक कळतो.

कोणी परदेशातून आणून देणार असेल तर फिंगरबोर्डचं लाकूड विचारा. साठच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या बेसवर ब्राझिलचं शिसव असतं. १९९२ पासून ते सायटीसच्या, म्हणजे दुर्मिळ प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सर्वांत कडक यादीत आहे आणि कागदांशिवाय सीमेवर अडकतं. सत्तरीच्या बेसवर मेपल किंवा चक्क आपलं भारतीय शिसव असतं. त्यावरही २०१७ मध्ये निर्बंध आले होते, पण २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

गुंतवणूक म्हणून घेत असाल, घरी आणि स्टुडिओतच वाजवणार असाल, तर न उघडलेला घ्या आणि त्याला हात लावू नका. घरघरीसाठी तांब्याची पट्टीसुद्धा आत चिकटवू नका. आठवड्याला दोन कार्यक्रम असतील तर लाकूड न कोरलेला, बायपास स्विच असलेला, जुन्या भागांच्या पिशवीसकट मिळणारा बेस घ्या, आणि वाचलेल्या पैशांतून एक चांगला सेटअप, दोन केबल आणि खोकंभर बॅटऱ्या.