एसएसएन नाही म्हणून नऊ आकडी नंबर विकत घेऊ नका

एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या कामाच्या व्हिसाच्या आधारे, अमेरिकेत आलेल्या प्रत्येकीने हे वाचावं. 'एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नसला तरी क्रेडिट हिस्टरी (कर्ज-बिलं फेडल्याची नोंद) उभी करून देतो' असं म्हणत कुणी नऊ आकडी नंबर विकायला आला, तर तो नंबर बहुतेकदा दुसऱ्या कुणाचा तरी चोरलेला असतो. माझे नऊशे डॉलर यात बुडाले.

या माणसांचं फावतं, कारण आपली अडचण खरी असते. नवऱ्याला एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी असते, त्यामुळे त्याला सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो. आपल्याला कामाची परवानगी नाही, म्हणून तो नंबरही नाही. घराचा करार, विजेचं बिल, फोन, गाडी, सगळं त्याच्या नावावर. भारतातला सिबिल स्कोअर इथल्या इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या तीन ब्यूरोंकडे आपोआप येत नाही. पुण्यात स्वतःच्या पगारातून घराचे हप्ते फेडले, त्याची इथे कुणाच्या लेखी नोंद नाही. हे फार लागतं, आणि समोरच्याला ते बरोब्बर ठाऊक असतं.

त्या माणसाचा नंबर ओळखीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला होता. बोलणं अगदी घरच्यासारखं. "ताई, एसएसएन नोकरीसाठी असतो. क्रेडिटसाठी सीपीएन चालतो, क्रेडिट प्रायव्हसी नंबर. सरकारमान्य आहे, इथे सगळेच घेतात." पैसे आधी, तेही झेलनेच, म्हणजे बँकेतून थेट बँकेत. पैसे मिळाल्यावर त्याने पीडीएफ पाठवली: वर गरुडाचं चिन्ह, निळी चौकट, माझं नाव आणि खाली नऊ आकडे. सोबत सूचना. नवा ईमेल काढा, वेगळा फोन नंबर घ्या, पत्ता राहत्या घराचा नको, तो मी देतो. क्रेडिट कार्डाचा अर्जही त्याने भरूनच पाठवला, मी फक्त सही करायची. त्या अर्जात हे नऊ आकडे 'सोशल सिक्युरिटी नंबर' या रकान्यात होते. विचारलं तर म्हणाला, "तिथेच टाकायचा असतो ताई, दुसरा रकाना कुठाय?"

मी सही केली नाही. आमचा टॅक्स भरणाऱ्या सीपीएंना (इथले सीए) कागद दाखवले. त्यांनी आधी पहिला आकडा बघितला. एसएसएन नसलेल्यांना करासाठी आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातं, जो आयटीआयएन नावाचा नंबर देतं तो ९ ने सुरू होतो, एसएसएन कधीच ९ ने सुरू होत नाही. माझ्या कागदावरचा नंबर ९ ने सुरू होत नव्हता. म्हणजे तो आयटीआयएन नव्हताच, एसएसएनच्या साच्यातला होता. सीपीएन नावाचा नंबर अमेरिकेतलं कुठलंही सरकारी खातं देत नाही. विकले जाणारे हे नंबर बरेचदा लहान मुलांचे, म्हाताऱ्यांचे किंवा तुरुंगातल्या माणसांचे असतात, कारण ही मंडळी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट सहसा तपासत नाहीत. आणि बँकेच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा इथे फेडरल गुन्हा आहे, कमाल शिक्षा ३० वर्षं कैद. सही आपली असते, विकणाऱ्याची नव्हे. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या घराचं त्यापायी काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

पैसे परत मागितल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. बँक म्हणाली, रक्कम तुम्हीच पाठवलीत, आम्ही काही करू शकत नाही. मी एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारं फेडरल खातं) आणि न्यू जर्सीच्या ग्राहक विभागाकडे तक्रार केली आहे. तुमच्याही बाबतीत असं घडलं असेल, तर लाजेखातर गप्प बसू नका.

एक कायदा मात्र प्रत्येकीने लक्षात ठेवावा. क्रेडिट सुधारून देणाऱ्या कंपन्यांसाठी इथे १९९६ चा कायदा आहे. काम पूर्ण होण्याआधी त्यांना पैसे घेता येत नाहीत, लेखी करार द्यावा लागतो, आणि तो करार कामकाजाच्या ३ दिवसांत विनाशुल्क रद्द करता येतो. म्हणजे जो आगाऊ पैसे मागतो, तो तिथेच कायदा मोडत असतो. पुढचं काही ऐकायची गरजच नाही.

सरळ रस्ता हळू आहे, पण आहे. नवऱ्याच्या जुन्या कार्डावर ऑथोराइज्ड यूझर म्हणून नाव घाला. अनेक बँका त्यासाठी एसएसएन मागत नाहीत. त्या कार्डाची नोंद तुमच्या नावानेही ब्यूरोला कळवली जाते का, एवढं आधी विचारा. जॉइंट टॅक्स रिटर्नसोबत डब्ल्यू-७ फॉर्म भरून आयटीआयएन घ्या. पासपोर्ट टपालाने पाठवायची भीती वाटत असेल, तर आयआरएसने मान्यता दिलेले एजंट तो तपासून देतात. काही बँका आणि क्रेडिट युनियन आयटीआयएनवर सिक्युअर्ड कार्ड देतात. त्यासाठी दोन-तीनशे डॉलर अनामत ठेवावी लागते आणि तुमची मर्यादाही साधारण तेवढीच. किराणा त्यावर घ्या, बिल वेळेत भरा. फायको या इथल्या क्रेडिट स्कोअरमध्ये ३५ टक्के वजन वेळेवर पैसे भरण्याला आहे, आणि स्कोअर निघायला निदान ६ महिने जुनं एक खातं लागतं. सहा महिन्यांचं काम कुणी आठवड्यात करून देतो म्हणाला, तर उठून या. पुढे ईएडी (कामाचा परवाना) येऊन एसएसएन मिळाला की तिन्ही ब्यूरोंना पत्र लिहून जुनी नोंद त्याला जोडून घ्या.

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो मुलांच्या नंबरांचा. इथे जन्मलेल्या आपल्या बाळाला जन्मानंतर लगेच एसएसएन मिळतो आणि पुढची अठरा वर्षं क्रेडिटसाठी त्याच्याकडे कुणी बघत नाही. चोराला आणखी काय हवं? २०१८ च्या कायद्यानुसार १६ वर्षांखालच्या मुलाचं क्रेडिट आईवडिलांना फुकट गोठवता येतं, म्हणजे त्याच्या नावावर दुसऱ्या कुणाला नवं कर्ज काढणं अवघड होतं. तिन्ही ब्यूरोंकडे वेगवेगळा अर्ज करावा लागतो. मुलाचा जन्मदाखला, त्याचं सोशल सिक्युरिटी कार्ड आणि स्वतःचं ओळखपत्र यांच्या प्रती जोडून पाठवा, आणि उत्तरादाखल येणारं पत्र किंवा पिन मुलाच्या पासपोर्टसोबत जपून ठेवा.