रील की वेबसाइट? चार खोल्यांच्या होमस्टेचा हिशोब

तारकर्लीला माझ्या मावसबहिणीचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. दिवाळीच्या तोंडावर तिचा फोन आला. "दादा, पंधरा हजार बाजूला काढलेत. इन्स्टाग्रामच्या रील करून घेऊ की वेबसाइट? रील चालल्या की गुगलवरही आपण वर येतो म्हणे."

हे "म्हणे" कुठून आलं ते विचारलं, तर पॅकेज विकायला आलेल्या माणसाने सांगितलेलं. त्याच्या पॅकेजात दोन हजार लाइकही होते.

आधी त्या वाक्याचं बघू. ते साफ खोटं नाही, शिळं आहे. डिसेंबर २०१० मध्ये गुगलच्या मॅट कट्स यांनी ट्विटर आणि फेसबुकवरच्या लिंक शोधनिकालांच्या क्रमवारीत विचारात घेतो, असं सांगितलं होतं. जुलै २०११ मध्ये ट्विटरचा थेट डेटा मिळवण्याचा गुगलचा करार संपला. जानेवारी २०१४ मध्ये त्याच कट्स यांनी सांगितलं की या साइटची पानं आम्ही इतर कुठल्याही पानासारखीच धरतो. फॉलोअर किती, लाइक किती, हे क्रमवारीसाठी बघत नाही. कारण ही दुसऱ्याच्या आवारातली माहिती, तो कधी फाटक लावेल त्याचा नेम नाही. तिच्यावर डोलारा उभारायचा कशाला? बिंग या मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनने सोशल मीडियाला थोडं अधिक महत्त्व दिल्याचं आपल्या मार्गदर्शिकेत लिहिलं होतं, पण तारकर्लीची खोली बिंगवर शोधणारे कितीसे भेटणार!

लिंकचंही तसंच. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूबवरून तुमच्या साइटकडे जाणाऱ्या लिंकवर सहसा 'नोफॉलो'ची खूण असते. ही खूण २००५ मध्ये आली. या लिंकला आमची शिफारस समजू नका, एवढाच तिचा अर्थ. पुढे गुगलने तिला आदेशाऐवजी सूचना मानायचं ठरवलं, तरी तिच्या भरवशावर साइट वर येईल असं समजू नये. थोडक्यात, दोन हजार लाइकचे पैसे वाचवा.

मग रील करूच नयेत का? कराव्यात, पण त्यांचं काम वेगळं आहे. पाहुणा दोन तऱ्हांनी शोधतो. एक, गरजेने: 'तारकर्ली होमस्टे', 'मालवणला घरगुती जेवण असलेली खोली'. दोन, नावाने: रील पाहिली, नाव लक्षात राहिलं, रात्री बायकोला दाखवायला गुगलवर टाकलं. रील हा दुसरा शोध वाढवते. पहिल्यात तिचा थेट उपयोग जवळजवळ नाही.

आमच्या बहिणीची खरी अडचण इथेच निघाली. तिच्या होमस्टेचं नाव 'सी व्ह्यू'. या नावाची लॉज, हॉटेलं, होमस्टे अलिबागपासून गोव्यापर्यंत हव्या तितक्या सापडतील. समजा, रील लाखभर लोकांनी पाहिली आणि त्यातल्या शंभरांनी नाव शोधलं, तर ते कुणाच्या दारात जाऊन उभे राहतील? इन्स्टाग्रामवर स्पेलिंग एक, पाटीवर दुसरं, नकाशावर तिसरं असेल तर विचारूच नका.

म्हणून नावाचा शोध झेलायला काहीतरी जागेवर हवं, आणि ते फुकट मिळतं: गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे शोधात आणि नकाशावर दिसणारी आपल्या व्यवसायाची नोंद. स्थानिक निकाल तीन गोष्टींवर ठरतात असं गुगल स्वतःच सांगतं: विचारलेल्याशी मेळ, अंतर आणि ठळकपणा. ठळकपणात रिव्ह्यू येतात, तुमच्याकडे येणाऱ्या लिंक येतात. पैसे भरून ही जागा वर नेता येत नाही. पडताळणीसाठी बहुतेकदा व्हिडिओ मागतात. पाटी, रस्ता, आतली खोली दाखवावी लागते. अर्ध्या दिवसाचं काम. रील आणि वेबसाइट दोन्हींच्या आधी मी हेच करेन.

आता वेबसाइट. ती सावकाश चालते, महिनोन्महिने काही दिसत नाही, आणि त्यामुळेच लोक कंटाळून सोडून देतात. पण गरजेच्या शोधाला उत्तर देणारं पान तिच्यावरच राहतं. 'कुडाळ स्टेशनवरून तारकर्लीला कसं यायचं', 'पावसाळ्यात स्कूबा बंद असतं, मग काय बघायचं' अशी चार प्रामाणिक पानं मराठीत लिहिली, तर ती पुढच्या हंगामातही कामाला येतात. रील आठवड्याभरात फीडच्या तळाला जाते.

एक बदल मात्र नोंदवायला हवा. १० जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल खात्यांवरच्या सार्वजनिक पोस्ट सर्च इंजिनांत दिसू शकतात. म्हणजे पोस्टच निकालांत येईल. तिच्यामुळे तुमची साइट वर चढेल असं नव्हे. फायदा घ्यायचा तर कॅप्शन नीट लिहा. 'सनसेट व्हाइब्स' असं कुणी शोधून खोली बुक करत नाही. 'देवबाग संगम, तारकर्लीपासून किती लांब' असं शोधतात.

बाकीचे पटकन. यूट्यूब गुगलचंच, तिथला व्हिडिओ शोधात वर्षानुवर्षं दिसत राहू शकतो. दहा रीलपेक्षा माशाच्या कालवणाचा एक नीट व्हिडिओ मला जास्त आवडेल. फेसबुकचे बंद ग्रुप गुगलला दिसत नाहीत. व्हॉट्सॲप तर मुळीच नाही, जरी निम्मी बुकिंगं तिथूनच येत असली तरी.

सोशलमधून क्रमवारीला खरी मदत होते ती आडवळणाने. रील पाहून एखादी प्रवासावर लिहिणारी बाई येते, राहते, आपल्या साइटवर लिहिते आणि लिंक देते. त्या एका लिंकला किंमत आहे. ती विकत मिळत नाही, जेवण चांगलं लागतं.

खोल्या आधीच ओळखीवर भरत असतील तर वेबसाइटची घाई नको. गुगलचं प्रोफाइल आणि रील पुरेत. ओळख नसलेला पुण्या-मुंबईचा पाहुणा हवा असेल तर पैसे वेबसाइटला द्या आणि रील घरच्या मुलांकडून करून घ्या. कशाचा उपयोग होतोय हे प्रोफाइलच्या अहवालात दिसतं: लोक कोणते शब्द टाकून आले ते पाहायचं. रीलनंतर नावाने येणारे वाढले, तर रील चालली.

बहिणीला हे सगळं पटलं. तिने पैसे वेबसाइटकडे वळवले, प्रोफाइल भरलं. नाव बदलायचं मात्र अडलंय. गणपतीतच पाटी नव्याने रंगवून घेतलीय, आणि सासूबाई म्हणतात, समुद्र दिसतो तर 'सी व्ह्यू' नाही तर काय म्हणायचं?