बीडीई-४७ ची चाचणी: विद्रावकातून मात्रा की सिलिकॉनमधून?

बीडीई-४७ हे ज्वालारोधक पाण्यात जेमतेम विरघळतं, लिटरला साधारण १५ मायक्रोग्रॅम. म्हणून स्केलेटोनेमासारख्या सागरी डायटमवर (एकपेशीय सूक्ष्म शैवालावर) विषारीपणाची ७२ तासांची चाचणी लावताना ते पेशींपर्यंत पोहोचवणं हेच सगळ्यात अवघड काम.

विद्रावकाची रीत सोपी आहे. अ‍ॅसिटोनमध्ये मूळ द्रावण करा, लिटरभर माध्यमात (डायटम वाढवायच्या पाण्यात) जास्तीत जास्त १०० मायक्रोलिटर टाका आणि तेवढंच नुसतं अ‍ॅसिटोन घातलेला वेगळा फ्लास्क तुलनेला ठेवा. खरी अडचण नंतर येते. रेणू काचेला चिकटतात, वाढत्या पेशींत शिरतात, आणि पहिल्या दिवशी मोजून टाकलेली मात्रा तिसऱ्या दिवशी पाण्यात बरीच घटलेली असते. पाण्यातलं प्रमाण प्रत्यक्ष न मोजता ईसी५० (वाढ निम्म्यावर आणणारं प्रमाण) काढला, तर रसायन आहे त्याहून सौम्य भासतं. शिवाय अ‍ॅसिटोनवर जिवाणू पोसले जातात.

सिलिकॉनच्या कड्या मात्र मिथेनॉलमधल्या द्रावणात भिजवून, शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन मग माध्यमात सोडतात. पाण्यातलं प्रमाण घटलं की कडी ते भरून काढते. धुण्यात कसूर झाली, तर मिथेनॉलही सोबत येतं. रसायन न भरलेल्या कडीचा फ्लास्क हवाच: डायटम कडीला चिकटले तर पेशी कमी भरतात आणि ती घट विषाच्या नावावर जाते.

प्राथमिक चाळणीला विद्रावक पुरतो. ईसी५० प्रसिद्ध करायचा असेल, तर आमचं मत सिलिकॉनलाच. टीसीईपीसारख्या सहज विरघळणाऱ्या ज्वालारोधकाला मात्र दोन्ही नकोत. ते थेट माध्यमातच विरघळवावं.