वडिलांचे रोलेक्स ऑनलाइन विकताना आलेला अनुभव

वडिलांच्या पश्चात त्यांचे रोलेक्स डेटजस्ट आम्हा तिघा भावंडांत वाटून घेता येण्यासारखे नव्हते, म्हणून ते विकून रक्कम सारखी वाटून घेण्याचे आम्ही ठरवले. दुबईत नोकरीला असताना १९९१ साली त्यांनी ते घेतले होते. मॉडेल १६२३४, ३६ मिलिमीटरचे पोलादी घड्याळ, व्हाइट गोल्डची खाचदार कड आणि आत ३१३५ क्रमांकाचे मशीन. लक्ष्मी रस्त्यावरच्या आमच्या नेहमीच्या घड्याळजींनी ते अस्सल असल्याची खात्री दिली, परंतु या किमतीचे गिऱ्हाईक आपल्याकडे येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा मुंबईत कार्यालय असलेल्या, ऑनलाइन खरेदी करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे आम्ही वळलो.

फोटो आणि गॅरंटीचा कागद पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी ४,६०,००० रुपयांचा आकडा आला. विमा उतरवलेल्या कुरिअरने कोथरूडच्या घरून घड्याळ नेले. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण आणि टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळ किती अचूक चालते ते मोजणाऱ्या यंत्रावर, घेतलेली चालीची नोंद त्यांनी न मागता पाठवली. मौल्यवान वस्तू डोळ्यांआड झाल्यावर जिवाला लागणारा घोर त्यामुळे बराच कमी झाला, आणि यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन.

त्यानंतर मात्र आकडा ४,०५,००० वर आला.

पहिले कारण डायलचे होते. अंधारात चमकणाऱ्या खुणांसाठी त्या काळी ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य वापरले जाई आणि त्याची ओळख म्हणून डायलच्या तळाशी ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर छापलेले असे. आमच्या डायलवर नुसते ‘स्विस मेड’ होते, म्हणजेच ती कधीतरी बदललेली होती. वडिलांची कागदपत्रे पुन्हा चाळली, तेव्हा २००८ च्या सर्व्हिसच्या पावतीवर तशी नोंद सापडली. संग्राहक मूळ डायललाच अधिक मोल देतात, त्यामुळे ही वजावट रास्त होती आणि ती पावती आधीच न पाहण्याची चूक आमची होती.

दुसरे कारण मला आजही पटलेले नाही. पॉलिशमुळे केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, कडा बोथट झाल्या आहेत आणि ज्युबिली प्रकारचा धातूच्या कड्यांचा पट्टा सैल पडला आहे, असे त्यांनी कळवले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण घड्याळ आडवे धरून काढलेल्या आमच्या पहिल्याच फोटोत पट्टा खाली झुकलेला दिसत होता. जो दोष भाव सांगताना समोर होता, त्याची वजावट घड्याळ स्वतःच्या तिजोरीत आल्यावर करणे आणि व्यवहार मोडल्यास परतीचा खर्च आमच्याकडे मागणे, हा विक्रेत्याच्या अडचणीचा फायदा घेणे आहे. तारखेसह ते फोटो पुन्हा पाठवल्यावर ४,३०,००० वर सौदा ठरला आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण रक्कम बँकेत जमा झाली.

अदलाबदल केल्यास ४,७०,००० धरू, असेही त्यांनी सुचवले होते. मात्र त्या बदल्यात दाखवलेल्या घड्याळाची किंमत इतरत्र मिळणाऱ्या तशाच घड्याळापेक्षा ६०,००० रुपयांनी अधिक होती. अदलाबदलीत जुन्या घड्याळाला किती धरले यापेक्षा वर किती भरायचे, हेच पाहावे लागते.

महिन्याभराने आमचे घड्याळ त्यांच्या संकेतस्थळावर विक्रीला आले. वर्णनात ‘डायल उत्तम स्थितीत’ एवढेच लिहिले होते. ज्या बदललेल्या डायलपोटी आमचे पैसे कापले, तिचा खरेदीदारासाठी उल्लेखही नव्हता. मी २००८ च्या पावतीची प्रत जोडून त्यांना लेखी कळवले. दोन दिवसांनी ‘सर्व्हिसमध्ये बदललेली डायल’ ही ओळ वर्णनात आली.